साडेसहा फुटांचे महाराज

"बग्गी या फोटोतल्यासारखी हवी. हुबेहूब! एक सूत जरी चुकलं, तर तुमची शेड माझ्या जागेतून उचलायची!"

हातखेडच्या राजेसाहेबांनी एवढं बोलून चौकटीतला फोटो टेबलावर ठेवला. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. हुकूम सोडायची सवय मात्र विलीन झाली नव्हती. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि वरात राजेसाहेबांच्या आजोबांच्या बग्गीतून निघायची होती. ती बग्गी तर जुन्या काळीच मोडून बंबात गेली होती. उरला होता तो हा फोटो. बग्गी, आणि तिच्या मागच्या चाकाला हात लावून ताठ उभे असलेले ते आजोबा, म्हणजे थोरले महाराज.

सावळा मिस्त्री ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधायचा. राजेसाहेबांच्या जागेतली शेड हीच त्याची भाकरी. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, फोटोत माप कुठं आहे?"

"माप? थोरले महाराज साडेसहा फूट उंच होते! दर दसऱ्याच्या भाषणात मी सांगतो, तू ऐकत नाहीस? त्यांच्यावरून माप धर! आणि हाच फोटो खऱ्या मापाचा करून मांडवाच्या दारात लावायचाय!"

"आणि बग्गी वाड्याच्या कमानीतून निघाली पाहिजे," सोबतचा कारभारी म्हणाला.

"निघणारच! आजोबांची निघत होती!"

मिस्त्रीच्या कामाचे नकाशे त्याची मुलगी हौसा कॉम्प्युटरवर काढायची. हात साफ होता. तोंड मात्र समोर कोण आहे हे न बघता चालायचं. तिने चौकट उघडली. फोटोची डावी कड मागे दुमडलेली होती.

"ती उलगडायची नाही!" कारभारी ओरडला. "थोरल्या महाराजांच्या हातची घडी आहे."

"का दुमडली?"

"आजवर कुणी विचारलं नाही."

"मग मी तरी कशाला विचारू?" हौसा म्हणाली. कारभाऱ्याची पाठ वळताच तिने कड उलगडली. घडी घातलेला फोटो स्कॅनरवर सपाट बसत नाही.

फोटो पडद्यावर आला. महाराजांच्या पगडीपासून जोड्यापर्यंत रेघ ओढून तिने कॉम्प्युटरला सांगितलं, ही साडेसहा फूट. कॉम्प्युटर कारभाऱ्यासारखाच निघाला. सांगितलं ते निमूट ऐकलं. सगळा फोटो त्या हिशेबाने वाढला आणि बग्गी नऊ फूट उंच झाली. वाड्याची कमान होती आठ फूट.

"वरात आतल्या आत फिरणार," हौसा म्हणाली. मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

हौसा टेप घेऊन वाड्याच्या बागेत गेली. बंबातून वाचलेलं जुन्या बग्गीचं एक मागचं चाक तिथे भिंतीला टेकून होतं. त्यावर जुईचा वेल चढवला होता. तिने वेल बाजूला करून माप घेतलं. चार फूट. शेडमध्ये येऊन फोटोतल्या मागच्या चाकावर रेघ ओढली आणि ती चार फूट धरली. बग्गी सव्वासात फुटांच्या आत आली. कमानीतून सहज निघणार! पण महाराज भरले पाच फूट दोन इंच. तेही पगडीसकट!

मिस्त्री घाबरला. "हौसे, हे त्यांना सांगू नकोस. शेड जाईल!"

"मी कशाला सांगू? फोटोच सांगेल."

राजेसाहेब नकाशा बघायला आले आणि बघताच भडकले. "पाच फूट दोन? थोरले महाराज? हे यंत्र बिघडलंय! साडेसहा कर!"

"करते. पण मग बग्गी नऊ फूट होते, सरकार. कमान पाडावी लागेल."

"कमानीला हात लावायचा नाही! बग्गी राहू दे तेवढीच, फक्त महाराज वाढव!"

"फोटो एक, माप एक, सरकार. चाक त्यांच्या हाताखाली आहे. ते वाढले की चाकही वाढणार."

कारभाऱ्याने तोडगा काढला. "मग नुसतं उभं ताण. आडवं तसंच ठेव."

हौसाने ताणलं. महाराज सुरूच्या झाडासारखे उंच झाले. चाकं अंड्यासारखी झाली.

"या चाकांवर नवरीला बसवायचं?" हौसाने विचारलं. "हादरे खात मंडपात पोचेपर्यंत नवरदेव तरी ओळखू येईल का तिला?"

कारभारी हसला. राजेसाहेबांनी बघताच तो हसायचा थांबला.

"मला काही ऐकायचं नाही!" राजेसाहेबांनी काठी आपटली. "साडेसहा म्हणजे साडेसहा! कमान गेली खड्ड्यात, पाडू! सगळा फोटो वाढव!"

"जशी आज्ञा." हौसाने सगळं सव्वापट केलं. "पण एकदा डावीकडेही बघून घ्या सरकार. तिकडचंही वाढलंय." आणि तिने चित्र सरकवलं.

बग्गीच्या पुढच्या चाकापाशी आणखी एक गृहस्थ उभे होते. तिरपी पगडी, वर वळलेल्या मिशा. राजेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "निंबगावचा जगदेवराव! आमच्या बग्गीपाशी?"

हातखेड आणि निंबगाव या दोन संस्थानांचं आजोबांपासून वाकडं होतं. निंबगावकराचं नाव निघालं तर राजेसाहेब जेवणावरून उठत.

"हे घडीत होते," हौसा म्हणाली. "महाराज साडेसहा झाले, तसे हे बरोबर सात फूट झाले. कमान पाडा, मी याच मापाची बग्गी काढते. आणि हा एवढा वाढवलेला फोटोच मांडवाच्या दारात लावायचा ना, सरकार?"



"सात फूट?" राजेसाहेबांनी विचारलं. "निंबगावकर?"

"सात. तुमच्याच हुकमाने."

"कमी कर!"

"थोरल्या महाराजांना कमी केल्याशिवाय हे कमी होत नाहीत, सरकार."

 राजेसाहेब दात आवळून म्हणाले, "चाकाचं माप धर. महाराज पाच फूट दोन!"

हौसाने तसं केलं. दोघंही खाली आले. राजेसाहेबांचं समाधान टिकलं नाही. "पण तो अजूनही पाच इंच उंच आहे!"

"मला बग्गीचं काम सांगितलंय, सरकार," हौसा म्हणाली आणि फोटो हातात घेतला. "त्यांचा बंदोबस्त थोरल्या महाराजांनीच करून ठेवलाय." तिने डावी कड पुन्हा घडीवर दुमडली आणि चौकट बंद करून फोटो त्यांच्या पुढे धरला.

राजेसाहेबांनी फोटो पाहिला, घडी पाहिली आणि ते असे हसले की काठी हातातून पडली. "म्हणजे आजोबांना ठाऊक होतं!"

बग्गी कमानीतून निघाली, वर वीतभर जागा ठेवून. शेडची जागा राजेसाहेबांनी हौसाच्या नावावर करून दिली. त्या दसऱ्याला भाषण नेहमीएवढंच लांबलं. फक्त उंचीचा उल्लेख राहून गेला.