हळदीचं यंत्र आणि केरबाची पाटी

हळदीच्या मुलखात एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हे आपण म्हणायचं. गाव दुसरा शब्द वापरायचं. अक्षर मात्र त्याचं असं होतं, की जत्रेचा फलक त्याच्याशिवाय कुणी लिहीत नसे. देवाने त्याच्या बोटांपासून शहाणपण भरायला सुरुवात केली, आणि डोक्यापर्यंत पोहोचायच्या आत ते संपलं.

आण्णाप्पा लोहार हा त्याचा सख्खा मामा. बहीण गेली, भाचा पदरात आला, म्हणून मामाने त्याला कारखान्यात ठेवून घेतलं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक लेथ, एक भट्टी आणि रावजी नावाचा एक कामगार. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे बंडू पांचाळची तशीच शेड, आणि कडेला चहाची टपरी. आण्णाप्पाने काही नवं करायला घ्यावं, टपरीवर त्या वस्तूचं नाव निघावं, आणि बंडूने तेच आधी करून तालुक्याच्या प्रदर्शनात मांडावं, असं दोन वर्षं चाललं होतं. शेंगा फोडायचं यंत्र तसं गेलं. कडबा कापायचंही तसंच गेलं.

तिसऱ्या वर्षी आण्णाप्पाने हळकुंड न मोडता हळद पॉलिश करणारं यंत्र जुळवायला घेतलं. हेही बंडूने नेलं तर भट्टी विझवायची आणि शेड विकायची, असं त्याने बायकोला सांगून टाकलं. म्हणून त्याने ठरवलं, की प्रदर्शनापर्यंत यंत्र तरटाखाली झाकायचं आणि त्याला एक खोटं नाव द्यायचं. कारखान्यात, टपरीवर, घरीसुद्धा त्याच नावाने बोलायचं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पण नाव तरटावर लिहायचं होतं, म्हणून ते ठेवायचं काम त्याने केरबाला दिलं. तेव्हा शहाणा कोण आणि भोळा कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"असं नाव लिही," मामा म्हणाला, "की कुणाला काही कळू नये."

केरबाने ते पाठ केलं. सकाळभर खपून, हातभर उंच अक्षरांत, खाली लाल सावली देऊन त्याने तरटावर लिहिलं: 'कुणाला काही कळू नये'.

दुपारपर्यंत टपरीवरची सगळी मंडळी बाकडी सोडून तरटापुढे येऊन उभी राहिली. बंडू पांचाळ तर कपबशी हातात घेऊनच आला. काय कळू नये, यावर तिथे तासभर चर्चा झाली.

मामाने भाच्याला आत नेऊन समजावलं. "अरे, ज्याचा वस्तूशी काही संबंध नाही, असं नाव ठेवतात. पेरू लिही. रविवार लिही. काहीही लिही."

केरबाने ते पाठ केलं. तरटावर 'पेरू' आलं, आणि मामा निश्चिंत होऊन तालुक्याला लोखंड आणायला गेला. जाताना तेलाच्या आणि रंगाच्या नव्या डब्यांवर नावं घालायला सांगून गेला. केरबाने ती घातली. तेलाच्या डब्यावर 'जिलेबी' लिहिलं, वार्निशच्या डब्यावर 'रविवार'. रावजीला यंत्राला तेल द्यायचं होतं. दोन्ही डबे पुढ्यात घेऊन तो बराच वेळ बसला. त्या दिवशी रविवार होता. म्हणून त्याने 'रविवार' उघडला. कामगारही मालकाने आपल्याला शोभेल असाच धरला होता.

वार्निश बेअरिंगमध्ये गेलं आणि यंत्र जागच्या जागी घट्ट बसलं. ते सोडवायला दोन दिवस गेले. तरट वार्निशने माखलं, ते टाकून द्यावं लागलं.

"डब्यात काय आहे, कुणाचं आहे, कशासाठी आहे," मामा दात आवळून म्हणाला, "हे माणसाला वाचताक्षणी कळलं पाहिजे."

केरबाने ते पाठ केलं. मग मामाने नवं तरट आणून दिलं. केरबाने त्यावर लिहिलं: 'पेरू. म्हणजे हळकुंड न मोडता हळद पॉलिश करायचं यंत्र. मालक आण्णाप्पा लोहार. प्रदर्शनासाठी'. बंडू पांचाळने ते रस्त्यापलीकडून वाचलं, तेही चष्मा न लावता. संध्याकाळी त्याच्या शेडपुढे हळद घोळवायला लागतो तसा एक मोठा पत्र्याचा ड्रम उतरला.

मामा त्या दिवशी जेवला नाही. केरबालाही घास उतरेना. आपण अक्षर नीट काढलं, ओळ सरळ आली, तरी मामा का जेवत नाही, याचा त्याने पुष्कळ विचार केला. निष्पन्न काही झालं नाही.

सकाळी आण्णाप्पा स्वतः टपरीवर गेला आणि पडल्या चेहऱ्याने सांगून आला, की हळकुंडांचा चुरा होतो, यंत्राचा नाद सोडला, आता लेक बाळंतपणाला येतेय म्हणून पाळणा करतोय. मग स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात त्याने तरटावर 'पाळणा' असं लिहिलं. बंडू आला. त्याने वाचलं, पोटभर हसला, ड्रम परत पाठवला आणि आपल्या पंपांच्या दुरुस्तीला लागला.

"बघ केरबा," मामा हळूच म्हणाला, "चांगलं नाव असं असतं. बंडूने वाचावं, हसावं, आणि कामाला लागावं."

केरबाने ते पाठ केलं. आतापर्यंतच्या सगळ्या धड्यांत त्याला हाच आवडला.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. आण्णाप्पाने यंत्र जागेवर बसवलं, मूठभर हळकुंडं टाकून पाहिली. ती सोन्यासारखी निघाली, एकही मोडलं नाही. पण लोकांना दाखवायचं हळदीचं पोतं रावजी कारखान्यातच विसरून आला होता. मामा स्वतः ते आणायला निघाला.

"यंत्राची पाटी तेवढी रंगवून लाव," तो जाता जाता म्हणाला. "नाव कसं असावं, ते आता परत सांगत बसत नाही. तुला कळलंय."

केरबाला कळलंच होतं. अडचण एकच होती. 'पाळणा' वाचून बंडू एकदा हसला होता, त्याच नावाला दुसऱ्यांदा कोण हसणार? मग कुठलं नाव वाचून बंडूला बरं वाटेल? केरबाने घाम येईपर्यंत डोकं चालवलं. ते इतकं आजवर कधी चाललं नव्हतं. मग त्याने कुंचला उचलला. पिवळी जमीन, हिरवी किनार, अक्षरं मोत्यासारखी.

थोड्या वेळाने बंडू पांचाळ समोरून चालला होता. पाटी पाहून तो थांबला. एकदा वाचली. परत वाचली. इकडेतिकडे बघितलं. आणि हसला.

"केरबा, हे तू लिहिलंस?"

"हो. मामाने सांगितलं तसंच."

"तुझा मामा फार मोठ्या मनाचा माणूस आहे," बंडू म्हणाला, आणि त्याने बाह्या वर सारल्या.

आण्णाप्पा पाठीवर पोतं घेऊन मैदानात शिरला, तेव्हा कर्ण्यावरून पाटी वाचून दाखवत होते: 'हळकुंड न मोडता हळद पॉलिश करणारे यंत्र. निर्माते बंडू पांचाळ'. एका शेतकऱ्याने आपल्या पिशवीतली हळद यंत्रात टाकून पाहिली होती आणि गर्दी हटत नव्हती. सभापतींनी बंडूच्या गळ्यात हार घातला होता, आणि तो हार सावरत बंडू एकेका शेतकऱ्याची मागणी वहीत उतरवून घेत होता.

आण्णाप्पाच्या पाठीवरून पोतं घसरलं.

गर्दीतून वाट काढत केरबा मामापाशी आला. हात रंगाने भरलेले, तोंड उजळलेलं. मामाच्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, "मामा, जमलं. बंडूने वाचलं, हसला, आणि बघा तरी, कसा कामाला लागलाय."