कणीक वाळायच्या आत

"बुवा, तुमचं प्रेशर किती असतं?"

"गोळी सकाळी घेतली," भिकाजीबुवा म्हणाले. "आकडा डॉक्टरला ठाऊक."

पुरुषोत्तम हसला. अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ म्हणजे एकेकाळी बुवांचा सगळ्यात तयार शिष्य. त्याच्यापुढे आम्ही बाकीचे नुसते थापटे, कातड्यावर थापा मारणारे. आज तो आपला पखवाज बुवांच्या मठाला देऊन टाकायला आला होता. कायमचा.

"माझं विचारा. तीन वर्षं झाली, एकशेतीसच्या वर जाऊ दिलेलं नाही! दिवसातून पाच वेळा बघतो. जिना बंद, नातीशी दंगा बंद. वाजवणंही बंद."

"डॉक्टरनं बंद केलं?"

"छे! तो म्हणतो, गोळी चुकवू नका आणि खुशाल वाजवा. त्याचं काय जातंय?"

"मग मजेत असशील."



बुवांनी तो पखवाज पुढ्यात ओढला. वय सत्त्याऐंशी. मला म्हणाले, "कणीक भिजव रे."

डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय पखवाज घुमत नाही. वाजवून झालं की ती खरवडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी.

बुवांनी कणीक थापली. थाप देऊन ऐकलं. चिमूटभर काढली. पुन्हा ऐकलं. हातोडीनं चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकले, घाम पुसला, परत ठोकले. अर्धा तास हेच! पुरुषोत्तमची बोटं मांडीवर हलायला लागली होती. त्याला पत्ता नव्हता, मला दिसत होतं.

"लागला," बुवा म्हणाले.

आणि त्यांनी सगळी कणीक खरवडून ताटलीत काढली. पखवाजाला गवसणी चढवली.

"अहो बुवा!" पुरुषोत्तम ओरडलाच. "वाजवायचा राहिला की!"

"स्वरात लागला ना? बास झालं. उद्या पुन्हा लावू."

"नुसता लावायचा? मग लावायचा तरी कशाला?"

बुवा त्याच्याकडे बघत राहिले…

पुरुषोत्तमचा चेहरा उतरला. "भीती वाटते हो, बुवा." उभ्या जन्मात मी त्याच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं.

"मलाही वाटते."

बुवांनी गवसणी काढली. ताटलीतली कणीक पुन्हा थापली. दोन्ही हात उचलले.

एकच धा.

काय सांगू! माझ्या पुढ्यातलं पाण्याचं भांडं थरथरलं. ज्या माणसाला दोन पायऱ्या चढायला हात द्यावा लागतो, त्याच्या हातून हा नाद! नाद विरला तरी आम्ही दोघं खुळ्यासारखे त्या हातांकडेच बघत होतो.

बुवांनी पखवाज पुरुषोत्तमकडे सरकवला.

त्यानं हात पुढे केला… मागे घेतला. पिशवीत प्रेशरचं यंत्र चाचपू लागला. "आधी एकदा प्रेशर बघून घेतो."

"बघ की," बुवा म्हणाले. "कणीक वाळतेय."