लावणीचा दिवस

कळंबवाडीच्या बायकांनी वीस वर्षं डोंगर पालथे घालून भाताचे दोनशे चौदा गावठी वाण जमवले होते. त्यांची माहिती सुगंधाबाई भांगरे कॉम्प्युटरवर एका साध्या फाइलीत लिहून ठेवत. एका ओळीत एक वाण.

शहरातल्या एका संशोधन संस्थेचे संचालक डॉ. रणनवरे आले आणि ती फाइल बघून हसले. "बाई, ही किराणा मालाची यादी आहे काय? आमच्याकडे हजार माणसं एका वेळी लिहितील असा डेटाबेस आहे. उद्यापासून तुमचं सगळं तिथे, आणि चावी आमच्याकडे."

बायकांचे चेहरे उतरले. वीस वर्षांची मेहनत परक्या हातात निघाली होती.

सुगंधाबाईंनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही भाताचे डॉक्टर. रोप वाफ्यातून काढून लावणी कधी करायची?"

"एवढंही ठाऊक नाही?" साहेब फुशारले. "रोपं दाटली की. आधीच उपटली तर कोवळी मुळं तुटतात."

"मग आमच्या फाइलीत लिहिणारी मी एकटी, आणि हवा तो वाण लगेच सापडतो. इथं दाटलंय कोण?"

बायका खुदकन हसल्या. साहेब चिडले. "उद्या चार गावं एकदम लिहायला बसली, की एकीचं लिहिलेलं दुसरी पुसेल! मग धावत आमच्याकडेच याल."

"कशाला?" बाईंनी पडद्यावर दुसरं पान उघडलं. "आमच्या पोरींनी आमचा डेटाबेस बांधून ठेवलाय. शेत नांगरून तयार आहे, साहेब. लावणीला जरूर या, चिखलात उतरायची तयारी असेल तर."