शत्रू न पाहिलेला तट

फार जुनी गोष्ट. जर्मनीत नदीकाठी द्राक्षमळ्यांचं एक इवलंसं गाव होतं आणि त्याच्याभोवती दगडी तट. शत्रूची वाट बघता बघता तट म्हातारा झाला, पण शत्रू काही आला नाही.

"आता याचा काय उपयोग?" मळेवाला कोनराड म्हणाला. "उद्या पाडू आणि दगडांचे मळ्याला बांध घालू."

त्याची बायको ओटिली हिने तटाला लागून एक द्राक्षवेल लावली होती. तट वेलीला म्हणाला, "पोरी, उभ्या जन्मात मी कुणाला अडवलं नाही. तू दुसरा आधार शोध." वेल त्याला आणखीच बिलगली.

पहाटे अवचित हिम पडलं. सकाळी दोघं पहार घेऊन आली, तर मळ्यातले सगळे कोवळे कोंब काळे पडलेले. तटाजवळची वेल तेवढी हिरवीगार होती. ओटिलीने दगडांवर हात ठेवला. कालच्या उन्हाने ते अजून कोमट होते.

"अहो, ती पहार खाली ठेवा," ती हळूच म्हणाली.

दोघं गेल्यावर तटाने विचारलं, "का गं, हे का थांबले? शत्रू तर आलाच नाही."

"आला होता, आजोबा," वेल म्हणाली. "तुम्ही मला पोटाशी धरलं होतंत, म्हणून तुम्हाला दिसला नाही."