कागदातलं नाणं

एका डोंगरपायथ्याच्या गावात ओताऱ्यांची एक आळी होती. देवळांच्या घंटा आणि समया ओताव्यात त्या याच आळीने. तिथे केरोबा नावाचा ओतारी राहत असे. हात सोन्यासारखा, पण स्वतःची टिमकी वाजवणं जमत नसे. त्यामुळे मोठी कामं शेजारच्या बाबाजीकडे जात. जन्मात एक तरी मोठी घंटा आपल्या हातून घडावी, एवढीच केरोबाची इच्छा होती.

फार पूर्वी थोरल्या महाराजांनी राज्यावर बसताना आळीतल्या घराघरांत चांदीचं एकेक नाणं दिलं होतं. त्यावर महाराजांचा चेहरा. नाणं टांकसाळीच्या जाड कागदात घडी घालून बांधलेलं. लोकांनी कागद फेकून दिले आणि नाणी देव्हाऱ्यात ठेवली. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी ती चिंच लावून, राखेने घासघासून लखलखीत करायची, ही आळीची रीत. ओताऱ्याच्या घरी चांदी काळी दिसली, तर चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?

केरोबाची आई मात्र जगावेगळी. "राजानं कागदातनं दिलंय, कागदातच राहू दे," म्हणायची आणि हळदकुंकू वाहायची तेही कागदालाच. ती गेली, तरी घरात तेच चालू राहिलं. होता होता नाण्यावर रंग चढला. कडेला निळा, आत जांभळा आणि मधोमध पिकल्या गव्हासारखा सोनेरी. कधी पुडी उघडून उन्हात धरलं की पारव्याच्या मानेसारखे रंग पालटत. आळीला त्याचं काय! नाणं काळं पडलंय, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी गावात दवंडी पिटली. थोरल्या महाराजांची नात आता गादीवर होती. राणीसाहेबांचा हुकूम असा, की महाराजांनी दिलेलं नाणं सगळ्यांनी दरबारात आणावं. ज्याचं नाणं दिलं होतं तसं असेल, त्याला डोंगरावरच्या देवीच्या घंटेचं काम मिळेल.

झालं! दिलं होतं तसं म्हणजे कोरं करकरीत, असा सगळ्यांनी अर्थ लावला. घराघरांतून घासण्याचा आवाज येऊ लागला. बाजारात चिंच मिळेना.

केरोबाने पुडी उघडली. बायकोने, भागीरथीने, चिंच आधीच भिजवून ठेवली होती.

"अहो, घासा पटकन. सगळ्यांची चमकणार आणि आपलं हे असं. हसं करून घ्यायचंय का?"

शेजारच्या ओसरीवरून बाबाजीही ओरडला, "केरोबा, लोकांची भांडी उजळतोस आणि घरात हा कोळसा? घंटा काय, माझीच आहे. पण आळीची तरी लाज राख!"

केरोबाने चिंच हातात घेतली. घंटा त्याला हवी होती, फार हवी होती. पण नाण्याकडे बघता बघता त्याचा हात थांबला.

"इतकी वर्षं हे कागदात होतं, म्हणून असं झालं," तो म्हणाला. "आता घासून नवेपणाचं सोंग आणायचं? ते मला जमायचं नाही. जसं सांभाळलं तसं दाखवीन. घंटा नाही मिळाली तरी चालेल."

"चालेल म्हणे! मग डोळ्यांत पाणी कशाला आलंय?" भागीरथी म्हणाली. पण नाणं तिने स्वतःच कागदात नीट गुंडाळलं आणि त्याच्या उपरण्याच्या टोकाला बांधून दिलं.

दरबारात मोठ्या तबकात नाणी मांडली. डोळे दिपावेत अशी चमकत होती. राणीसाहेब एकेक उचलत, न्याहाळत आणि परत ठेवत. प्रत्येक नाण्यागणिक त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी केरोबाने आपली पुडी सोडली. ते रंगीत, सावळं नाणं बघून लोक खुसुखुसू हसू लागले.

राणीसाहेब नाणं घेऊन खिडकीपाशी गेल्या. बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मी जन्मायच्या आधीच आजोबा गेले," त्या म्हणाल्या. "त्यांची तसबीरही आगीत जळाली. त्यांचा चेहरा एकदा बघावा, म्हणून ही दवंडी. पण या तबकातल्या आजोबांना कुठे नाक नाही, कुठे मिशा नाहीत. इथे मात्र मिशीचा केस अन् केस आहे. डोळ्यांपाशी सुरकुत्या आहेत. आजोबा हसरे होते, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं."

बाबाजीने आपलं नाणं उचलून निरखलं. ते आरशासारखं गुळगुळीत होतं. दर दिवाळीला राखेबरोबर थोडे थोडे महाराजही वाहून गेले होते.

"आम्हीच घासून काढला की हो राजा!" तो म्हणाला आणि त्याने कपाळावर हात मारला. राणीसाहेबांनाही हसू आलं.

त्यांनी चित्रकाराकडून तो चेहरा उतरवून घेतला. नाणं त्याच कागदात, त्याच घडीवर ठेवून केरोबाच्या हातात परत दिलं. घंटेचं कामही त्यालाच दिलं. एवढा धातूचा रस ओतायला एका घराचं बळ पुरणार नव्हतं, म्हणून केरोबाने बाबाजीलाच हाक मारली. तोही आढेवेढे न घेता आला.

घंटा डोंगरावर चढली. तिचा पहिला टोल खाली आळीत ऐकू आला, तेव्हा केरोबाला भरून पावल्यासारखं झालं. पुढच्या दिवाळीला पुजारीबुवा चिंचेचा गोळा घेऊन घंटेपाशी गेले. भागीरथी पदर खोचून आडवी आली.

"बुवा, हात लावाल तर खबरदार! वारा-ऊन तिला जो रंग देतील, तो तिला शोभेल."

तात्पर्य: काळाने चढवलेल्या रंगाची लाज बाळगू नये. चारचौघांत चमकण्यासाठी जो स्वतःला घासत राहतो, तो शेवटी आपला चेहराच हरवून बसतो.