आळशी म्हटलेली लेक

खूप खूप वर्षांपूर्वी रानाच्या कडेला एक गाव होतं. घरं वीस-पंचवीस, पण कुजबुज शंभर घरांची. तिथे एक आई आणि तिची लेक सोनकी राहत.

सोनकीच्या रक्तातच एक दुखणं होतं. थोडं आईच्या घराण्यातून, थोडं बापाच्या, असं दोन्हीकडून ते तिच्यात उतरलं होतं. गारठा लागला, की तिची हाडं ठणकत. मग आई वाळू तापवून पुरचुंडीने शेकत बसे.

पण हे बाहेर कळलं तर उद्या लेकीला सून कोण करून घेणार? म्हणून कुणी विचारलं की आई हसून सांगे, "आमची सोनकी जरा आळशीच आहे हो." गावाने ते खरं मानलं. असलं काही मानायला गावाला वेळ लागत नाही.

सुगी संपली की गावची मुलं सकाळी नदीत डुबकी मारत आणि भरल्या घागरी देवळात नेत. सोनकी दर वर्षी दारातून बघत राही. त्या वर्षी तिला राहवलं नाही. आईचा डोळा चुकवून ती गेली.

गार पाण्यात शिरताच हाडं ठणकू लागली. ती कशीबशी काठावर येऊन पडली. "मला घरी न्या गं," ती म्हणाली.

मैत्रिणी हसल्या. "घागर उचलायचा कंटाळा आला बाईसाहेबांना." आणि निघून गेल्या.

लाकडं गोळा करणाऱ्या एका म्हातारीने तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. कुणी न सांगताच तिने चुलीवर तवा ठेवून वाळू ओतली.

"मावशी, तुम्हाला कसं ठाऊक?" आईने विचारलं.

"माझाही एक मुलगा होता, असंच दुखणं असलेला. चारचौघांत मी त्याला हट्टी म्हणायचे. रानात कळ येऊन पडला, तर पोरांना वाटलं, हट्ट करतोय. सोडून आली त्याला. तो तिथेच गेला."

इतक्यात सोनकीने डोळे उघडले. "आई, मी आळशी नाही ना गं?"

आईला रडू फुटलं. त्याच दुपारी तिने पारावर जाऊन सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांतल्या दोघीजणी मागे थांबल्या. त्यांच्याही घरी वाळू तापत होती.

पुढच्या सुगीला मैत्रिणींनीच नदीकाठी हंडा तापवला. तीन मुलांनी ऊन पाण्याने अंघोळ केली आणि सगळी मिळून देवळाकडे निघाली. आई डोळे भरून बघत होती. म्हातारीही बघत होती. त्या घोळक्यात तिला तिचा मुलगा हवा होता.

म्हणून लहानथोरांनो, लेकराचं दुखणं झाकायला त्याला खोटं नाव देऊ नये. दुखणं झाकलं जातं, पण लेकरू एकटं पडतं.