धामणघळचा हाकेचा धोंडा

धामणघळच्या बायकांच्या नावांनी डोंगर हलतो. हलतो म्हणजे, हलताना कुणी पाहिलेला नाही. मागे एकदा एक दगड सुटला होता, पण तो माकडानं ढकलला असं नंतर कळलं. नावं मात्र खरोखरच दणदणीत. रुद्रा, भैरवी, चंडिका, जगदंबा. यातल्या जगदंबाबाई झुरळ दिसलं की पाटावर चढतात, तो भाग वेगळा.

गावाच्या मावळतीला खोल घळ आहे आणि घळीच्या काठावर, वेडावून दाखवताना जीभ काढावी तसा, एक धोंडा बाहेर आलेला आहे. तोच हाकेचा धोंडा. इतर गावांत बारशाला आत्या बाळाच्या कानात हळूच नाव सांगते. इथे मुलगी असेल तर आत्याला धोंड्यावर उभं करतात आणि ती बेंबीच्या देठापासून घळीला नाव सांगते. पलीकडच्या काठावर मुलीची मावशी उभी असते. तिला नाव अख्खं ऐकू आलं, तरच ते पाळण्यात जातं. पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या एका चिरंजीवानं मोबाइलमधून शोधून 'इशिनी' असं नाव आणलं होतं. पलीकडे पोचलं ते नुसतं 'ईऽऽ', आणि शेळी कड्यात अडकली समजून एक धनगर दोर घेऊन धावत आला. मुलीचं नाव आज अंबिका आहे.

हे असं का, तर राहीमुळे, असं सांगतात.

राही फार जुन्या काळी या गावात नांदायला आली. तिला तीन मुली झाल्या. चौथ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिनं मनाशी एक नाव ठरवून टाकलं होतं, म्हणे. वज्रा. वीज कडाडली की तिचा सासरा 'वज्र पडलं' म्हणायचा आणि एरवी सुनेवर डाफरणारी सगळी मोठी माणसं अंग चोरून गप्प बसायची. राहीनं ते ध्यानात ठेवलं. असं नाव असलेल्या पोरीला कोण काय बोलणार आहे?

चौथीही मुलगीच झाली. पण सासूनं पाळण्याकडे न बघताच नाव टाकलं, नकोशी. पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. वज्रा हे नाव राहीच्या ओठापर्यंत आलं होतं, ते तिनं गिळलं. त्या घरात सुनेच्या गळ्यातून 'हो'पलीकडे शब्द निघायची वहिवाट नव्हती.

पोर लहान असताना कुणी भाजी नको, ताक नको म्हटलं की ती लगेच 'ओ' द्यायची, आणि पंगत हसायची. मोठी झाल्यावर उलटं झालं. तिला हाक मारली तरी ती काहीतरी चुकल्यासारखी मागे सरायची. तेव्हा मात्र राहीला हसू येईनासं झालं.

एके दिवशी पोर शेळ्या घेऊन घळीपलीकडे गेली होती. उन्हं उतरायला आणि घळीतून धुकं वर चढायला एकच गाठ पडली. वाट बुडायच्या आत तिनं परतावं म्हणून राही धोंड्यावर धावली. आधी तिनं शेळ्यांना हाका मारल्या. शेळ्यांची नावं घरात कौतुकानं ठेवलेली होती, बाणाई आणि चांदणी. त्या मान वर करून निघाल्या. मग तिनं लेकीला हाक मारली. "नकोशेऽऽ!" शेवटचं 'शे' वाऱ्यानं नेलं आणि उरलेलं समोरच्या कड्यानं घोळवून घोळवून ऐकवलं. नको... नको... राही जितक्या जोरानं बोलावत होती, तितक्या जोरानं कडा पोरीला हाकलत होता. धुक्याच्या फटीतून ती राहीला दिसली. थांबली होती. तिनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलेलं काम करायला निघावं तशी पाठ फिरवली.

शेळ्या घरी आल्या. पोर आली नाही.

गावानं रान पालथं घातलं आणि वाघावर आळ घेऊन हात धुतले. राहीनं पाठ फिरलेली पाहिली होती. ती रोज दिवेलागणीला धोंड्यावर जाऊन हाक मारू लागली, पण आता गिळलेल्या नावानं. सुरुवातीला ती हाक घळीच्या निम्म्यातच पडायची. गाव हसलं. सासू म्हणाली, "अगं, या नावाचं कोणी आहे का गावात?"

"यायची आहे," राही म्हणाली. 'हो' सोडून तिनं त्या घरात बोललेला हा पहिला शब्द, असं म्हणतात.

केस पिकत गेले तशी हाक मोठी होत गेली. घाटानं मिठाचे बैल हाकणारे तांडे ती ऐकून थबकायचे आणि खाली कोकणात जाऊन सांगायचे, वर एक म्हातारी आहे, ती कुणाला तरी बोलावते. अशाच एका तांड्यामागून एकदा एक बाई आली. काखेत पोर घेऊन पलीकडच्या काठावर उभी राहिली. नाव तिच्या ओळखीचं नव्हतं, आवाज होता. उभ्या राहण्यावरून राहीनं तिला ओळखलं आणि ओरडली, "वज्रा, हे तुझंच नाव गं. पाळण्यात घालायचं राहिलं."

त्यावर लेकीनं पलीकडून एकच गोष्ट विचारली. काय, ते सांगतो, धीर धरा. राहीनं मान खाली घातली, एवढं खरं. पुढे लेक घळ उतरून आली असं खालची आळी सांगते, तशीच परत गेली असं वरची आळी सांगते. दोन्ही आळ्या शपथेवर सांगतात आणि दोन्हीकडचं कुणी तिथे नव्हतं.

आजही पलीकडे नाव अख्खं पोचलं की मावशी हात वर करते आणि अलीकडे आत्याच्या पाठीत धपाटे बसू लागतात. आत्या जाडजूड असेल तर गाव जरा जास्तच हात धुऊन घेतं. मग मावशी तोंडाशी हात धरते, तसे धपाटे थांबतात. बाळाची आई कुंची सारखी करते आणि मान खाली घालते. पाळण्यातल्या पोरीच्या वतीनं मावशी घळीवरून तेच विचारते,

"एवढं मोठं नाव होतं, तर आधी कुठं ठेवलं होतंस, आये?"